जावरच्या मुशी आणि आपले विस्मरण

सायंकाळी देवघरात पितळी समई लावताना, या पितळेत तांब्याच्या जोडीला आलेले जस्त मूळचे कुठले, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. तांबे आणि जस्त मिळून पितळ होते, हे शाळेत आपण सर्वांनी पाठ केलेले असते. अंगणातील जस्ताचा मुलामा दिलेली बादली, छपरावरचे पत्रे, विजेरीच्या सेलचे कवच, वैद्यांचे यशदभस्म अशा कितीतरी रूपांत हा धातू आपल्या घरात वावरतो. परंतु हा धातू खनिजातून मोकळा करण्याची विद्या मोठ्या प्रमाणावर सर्वप्रथम कुणी साध्य केली, असे विचारले तर पदवीधर माणूसही बहुधा एखाद्या युरोपीय शास्त्रज्ञाचे नाव घेईल. या प्रश्नाचे उत्तर राजस्थानात, उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर, अरवलीच्या डोंगररांगांत टिडी नदीच्या काठी पडून आहे. त्या स्थळाचे नाव जावर.

जावरविषयी अभिमानाने बोलणारे आता पुष्कळ झाले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र जावर आपल्याला अभिमानाबरोबर एक अवघड प्रश्नही विचारते. जी विद्या आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके राबविली, ती एका पिढीत अशी कशी विझून गेली, की पुढे तिचे अस्तित्व सिद्ध करण्यासाठी उत्खनन करावे लागले? त्या प्रश्नाला सामोरे जायचे, तर प्रथम जावरच्या डोंगराच्या पोटात उतरले पाहिजे.

डोंगराच्या पोटात

मेवाडी बोलीत डोंगराला मगरा म्हणतात. मोचिया मगरा, बलारिया, जावरमाला आणि बरोई या जावरच्या चार प्रमुख खाणी. या डोंगरांचा मुख्य खनिजधारी खडक डोलोमाइट आहे. चुनखडीच्या जातीचा, परंतु कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही धारण करणारा हा खडक मूळचा उथळ सागरातील गाळ. त्याच्या जोडीला फिलाइट, क्वार्ट्‌झाइट यांसारखे खडक आढळतात. भूशास्त्रज्ञ या खडकांना अरवली महासंघात गणतात. खनिजातील शिशाच्या समस्थानिकांवरून येथील धातुसाठ्यांचे वय सुमारे १७० कोटी वर्षे मानले जाते. हिमालयाचा उठाव सुरू होऊन अवघी पाच-सहा कोटी वर्षे झाली आहेत. या तुलनेवरून अरवलीच्या वार्धक्याची कल्पना यावी.

त्या प्राचीन सागरतळाशी साचलेल्या थरांतून उष्ण, खारट द्रव वाहिले. त्यांनी आपल्यासोबत जस्त आणि शिसे विरघळवून आणले आणि गंधकाशी संयोग होताच ते धातू खडकात स्थिरावले. पुढे भूकवचाच्या हालचालींत हे थर वळले, दुमडले, उभे झाले. त्यामुळे जावरचे खनिज आडव्या थरांपेक्षा तीव्र उताराच्या, खोल जाणाऱ्या पट्ट्यांत सापडते. अशा खनिजाचा माग काढायचा तर माणसाला खोलवर उतरावेच लागते. जावरच्या प्राचीन खाणी भूमिगत का झाल्या, याचे उत्तर खडकांच्या या रचनेतच आहे.

येथील मुख्य खनिजे तीन. पहिले गॅलेना, म्हणजे शिसे व गंधक यांचे संयुग. काळसर करड्या रंगाचे, आरशासारखे चमकणारे, हातात घेताच वजन जाणवणारे आणि फोडले की चौकोनी तुकडे होणारे. सुरमा म्हणून ते डोळ्यांतही घातले गेले. याच्यासोबत थोडी चांदी मिळते. दुसरे पायराइट, लोह व गंधक यांचे पितळी झळाळीचे खनिज. ज्यांना आपले रसशास्त्र माक्षिक म्हणते, त्या चमकदार खनिजांच्या कुळातले. आणि तिसरे स्फॅलराइट, म्हणजे जस्त व गंधक यांचे संयुग. जावरच्या स्फॅलराइटमध्ये लोहाचा अंश कमी असल्याने ते बरेचदा फिकट पिवळसर वा मधाच्या रंगाचे दिसते. धातूची कोणतीही खूण ते सहजी दाखवीत नाही.

या तिसऱ्या खनिजाच्या नावातच एक कथा आहे. ज्या ग्रीक शब्दावरून स्फॅलराइट हे नाव आले, त्याचा अर्थ ‘दगा देणारे’. युरोपातील खाणकामगारांना हे खनिज शिशाच्या सोबत सापडे. ते ते भट्टीत घालीत आणि हाती काहीच लागत नसे. म्हणून त्याला फसवे ठरविले गेले. जे खनिज युरोपच्या दृष्टीने फसवे होते, त्याचेच मेवाडच्या कारागिरांनी धातूत रूपांतर केले.

अग्नीने फोडलेला खडक

जावरमाला आणि मोचिया येथील प्राचीन खाणींत लाकडाचे अवशेष सापडले. त्यांची किरणोत्सारी कार्बन पद्धतीने तपासणी झाली, तेव्हा या खाणींचे वय दोन हजार वर्षांहून अधिक असल्याचे दिसले. म्हणजे ख्रिस्तजन्माच्या आधीच्या शतकांत येथे माणूस भूगर्भात उतरून काम करीत होता. आरंभीच्या त्या काळात त्याचे लक्ष शिसे व चांदी यांवर असावे.

सुरुंगाची दारू नसताना हा कठीण खडक फोडला कसा? अग्नीने. खडकाच्या अंगाशी लाकडे रचून पेटवायची. तापलेला खडक प्रसरण पावतो, त्याला भेगा पडतात आणि मग छिन्नी-हातोड्याने तो सुटा करता येतो. प्राचीन दालनांच्या गोलसर, काजळलेल्या भिंती आजही या पद्धतीची साक्ष देतात. ऐकायला हे सोपे वाटते. परंतु जमिनीखाली, अरुंद जागेत अग्नी पेटवायचा म्हणजे धुराला वाट हवी, ताजी हवा आत यायला हवी, छताला लाकडी टेकू हवेत, पाणी उपसायला हवे. यांतील एक जरी व्यवस्था चुकली, तरी आतला माणूस जिवंत परतत नाही. ज्यांनी हे शतकानुशतके केले, त्यांना खडक, वारा आणि धूर यांची जाण होती. ते अक्षरशत्रू असतील, अडाणी खचितच नव्हते.

जस्ताची खोडी

जस्त मिळवणे इतर धातूंपेक्षा अवघड का, हे समजल्याशिवाय जावरची थोरवी कळत नाही. तांबे, लोखंड किंवा शिसे यांची खनिजे कोळशासोबत तापवली की धातू भट्टीच्या तळाशी साचतो. जस्ताचे तसे नाही. जस्ताच्या ऑक्साइडमधून धातू मोकळा करण्यासाठी हजार अंश सेल्सियसहून अधिक उष्णता लागते आणि जस्त तर ९०७ अंशांनाच उकळते. म्हणजे धातू जन्माला येतो तोच वाफेच्या रूपात. ही वाफ हवेशी भेटताच पुन्हा ऑक्साइड होते आणि पांढऱ्या धुराच्या रूपाने निघून जाते. भट्टीत पाहावे तर तळाशी काहीच नाही. युरोपच्या फसगतीचे कारण हेच.

या अडचणीतून एकच वाट होती. वाफ बंद पात्रात अडवायची, तिला हवेचा स्पर्श होऊ द्यायचा नाही आणि पात्राच्या थंड भागात नेऊन तिचा द्रव करायचा. सोप्या शब्दांत, धातूचे ऊर्ध्वपातन करायचे. जावरच्या कारागिरांनी ते उलट्या दिशेने केले. त्यांनी वाफ खाली उतरवली.

१९८०च्या दशकाच्या आरंभी ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्थान झिंक यांनी मिळून जावरचे संशोधन हाती घेतले. पॉल क्रॅडॉक, के. टी. एम. हेगडे आणि एल. के. गुर्जर ही त्यांतील प्रमुख नावे. १९८३ साली उत्खननात एका रांगेत सात भट्ट्या जशाच्या तशा सापडल्या. प्रत्येक भट्टीचे दोन मजले, मध्ये छिद्रे असलेली मातीची चाळणी. वरच्या कोठीत सहा बाय सहा अशा छत्तीस मुशी उलट्या उभ्या केलेल्या. मुशीचा आकार हुबेहूब वांग्यासारखा, लांबी साधारण वीतभराहून थोडी अधिक, आणि तिच्या तोंडाला धोतऱ्याच्या फुलासारखी नळी जोडलेली. वर अग्नी, खाली थंड कोठी. वरच्या कोठीत हजार अंशांहून अधिक उष्णता, तर खालच्या कोठीत जस्ताची वाफ द्रव होण्याइतपतच उबारा.

मुशीत भाजलेले खनिज, डोलोमाइट, मीठ आणि सेंद्रिय द्रव्ये यांच्या लहान गोळ्या भरल्या जात. आता मूस उलटी केली तर या गोळ्या खाली पडणार. त्यावर कारागिरांनी शोधलेला उपाय मोठा सुंदर आहे. नळीत एक लाकडी काडी खोवायची. मूस उलटी करताना ही काडी गोळ्यांना अडवून धरी. भट्टी तापली की गोळ्या एकमेकींना चिकटून स्थिर होत आणि तोवर काडी जळून जाई. तिच्या जागी मागे राहिलेल्या पोकळीतून जस्ताची वाफ खाली उतरे. काडीने आधी दार लावले आणि मग स्वतः जळून दार उघडले! सात भट्ट्या, प्रत्येकी छत्तीस मुशी. म्हणजे एका वेळी २५२ मुशींतून जस्त टपकत होते. प्रत्येक मुशीतून मिळणारा धातू काही शे ग्रॅमच असे, हे खरे. पण अशा किती रांगा किती वर्षे चालल्या असतील, हे टिडीच्या काठचे ढीग सांगतात. वापरून टाकलेल्या मुशींचे ते ढीग काही लाख टनांचे आहेत. जावरच्या जुन्या वस्तीतील घरांच्या भिंतीसुद्धा विटांऐवजी या मुशींनीच रचलेल्या होत्या.

मोठ्या प्रमाणावरील हे उत्पादन बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास सुरू झाले, असे अभ्यासक मानतात. याला प्रयोगशाळेतील चमत्कार म्हणता येत नाही. हा एक संघटित उद्योग होता. त्यात खाणकामगार होते, खनिज निवडणारे होते, लाकूडतोडे आणि कोळसा पाडणारे होते, भट्टीची नस ओळखणारे जाणकार होते. आणि ज्यांच्याविना काहीच घडले नसते ते कुंभार होते. एका सत्रापुरत्या वापराच्या लक्षावधी मुशी, प्रत्येक एकाच मापाची, प्रखर उष्णतेत न तडकणारी, त्यांच्या चाकांवर व हातांवर घडली.

ग्रंथ आणि भट्टी

या साऱ्याला ग्रंथाचाही आधार आहे. ‘रसरत्नसमुच्चय’ या तेराव्या-चौदाव्या शतकाच्या आसपासच्या संस्कृत ग्रंथात जस्ताच्या खनिजाला रसक वा खर्पर म्हटले आहे आणि त्यातून धातू काढण्याची कृती दिली आहे. हळद, हिरडा, राळ, मीठ, घरातील काजळी, टाकणखार अशी द्रव्ये खनिजासोबत खलायची, ती ‘वृंताक मूषे’त म्हणजे वांग्याच्या आकाराच्या मुशीत भरायची, मुशीला नळी जोडायची. ज्वाळेचा रंग निळ्याचा पांढरा झाला की धातू सुटला असे समजायचे, ही खूणही ग्रंथकार देतो. दुसऱ्या एका कृतीत खाली पाण्याचे पात्र, त्यावर छिद्रांची थाळी आणि त्यावर उलटी मूस, अशी रचना सांगितली आहे. ग्रंथातील वृंताक मूषा आणि टिडीच्या काठची वांग्याच्या आकाराची मूस समोरासमोर ठेवल्या, तर शास्त्र आणि कारागिरी यांचा संवाद एकेकाळी किती निकटचा होता, हे पटते.

हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रम संस्कृत ग्रंथावलीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापला गेला. म्हणजे सुमारे शंभर वर्षे तो आपल्या ग्रंथालयांत मुद्रित स्वरूपात होता. ज्यांना संस्कृत येत होते, त्यांनी भट्टी पाहिली नव्हती. ज्यांना धातुशास्त्र येत होते, त्यांना संस्कृत येत नव्हते. आणि ज्या ग्रामस्थांनी मुशींच्या भिंती बांधल्या, त्यांना कुणी विचारले नव्हते. हे तिघे एकत्र येईपर्यंत १९८०चे दशक उजाडावे लागले. सयाजीराव महाराजांच्या नावे उभ्या असलेल्या विद्यापीठाचा त्या कामात वाटा असावा, याचा मराठी माणसाला आनंद वाटेल. तरी ब्रिटिश म्युझियमचा हात लागल्यानंतर आपल्याच मातीतील मुशींकडे आपले लक्ष गेले, ही टोचणीही मनात राहिली पाहिजे.

१७६९ : दोन दृश्ये

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विद्या विझली कशी?

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील विल्यम चॅम्पियन याने १७३८ साली जस्त काढण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळविले. त्याच्याही पद्धतीत बंद पात्र होते, वर अग्नी होता आणि वाफ खालच्या बाजूला उतरवली जात होती. जावरशी असलेले हे साम्य लक्षणीय आहे. त्या आधीपासून पूर्वेकडचे जस्त जहाजांतून युरोपात जात होते, हेही खरे. चॅम्पियनने ही विद्या भारतातून उचलली, असे आपल्याकडे अनेकदा ठामपणे सांगितले जाते. तथापि त्याला कागदोपत्री पुरावा नाही आणि पुराव्याविना केलेले विधान आपल्याच खऱ्या दाव्याला कमकुवत करते. चीननेही जस्त स्वतंत्र पद्धतीने, वाफ वर नेऊन, मिळवले होते. १६३७ सालच्या चिनी ग्रंथात त्याचे वर्णन आहे. जावरचा काळ त्याच्याही आधीचा आहे, आणि तेवढे सत्य आपल्याला पुरेसे आहे. पाठ्यपुस्तकांत जस्ताच्या शोधाचे श्रेय मार्गग्राफ या जर्मन रसायनज्ञाच्या १७४६ सालच्या प्रयोगाला देतात, तेव्हा जावरच्या भट्ट्या शेकडो वर्षे धगधगत होत्या, हे सांगायला कोणत्याही अतिशयोक्तीची गरज नाही.

खरा धडा पुढे आहे. हाच चॅम्पियन १७६९ साली दिवाळखोर झाला. त्याचा कारखाना गेला, पैसा गेला. परंतु त्याची विद्या गेली नाही. ती पेटंटाच्या कागदावर होती, त्याच्याकडे काम केलेल्या माणसांच्या हातात होती. त्यांतलाच एक जेम्स एमर्सन. त्याने जस्त-उत्पादन चालू ठेवले आणि १७८१ साली शुद्ध जस्तापासून पितळ करण्याचे पेटंट घेतले. माणूस बुडाला, विद्या तरली.

त्याच १७६९ साली मेवाडमध्ये काय घडत होते? उदयपूरला वेढा पडला होता आणि तो घातला होता महादजी शिंदे यांनी. मोठी खंडणी ठरल्यावर तो उठला. महादजींचे कर्तृत्व आपल्याला वंदनीय आहे. पानिपतानंतर दिल्लीत मराठ्यांचा दबदबा पुन्हा उभा करणारा तो पुरुष होता. परंतु इतिहासाचे पान उलटताना आपल्या सोयीची ओळ तेवढी वाचून चालत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिंदे-होळकरांच्या फौजा, पेंढारी आणि राजघराण्यांतील आपसातील कलह यांनी मेवाडची कंबर मोडली. महाराणा प्रतापांच्या नावाने ज्यांचा ऊर भरून यावा, त्या महाराष्ट्राच्याच फौजा प्रतापांच्या वंशजांकडून खंडणी वसूल करीत होत्या.

ही खाण मेवाडच्या राज्याचा एक आर्थिक कणा होती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस गादीवर आलेल्या महाराणा लाखा यांच्या काळात जावरच्या खाणींना बरकत आल्याची परंपरा आहे. महाराणा कुंभांची कन्या रमाबाई हिने जावरला विष्णुमंदिर उभारले. तेथील जैन मंदिरांचे अवशेषही त्या वस्तीच्या वैभवाची खूण आहेत. हल्दीघाटीच्या लढाईनंतरच्या कठीण दिवसांत प्रतापांना या डोंगरांनी आश्रय दिल्याचे मेवाडात श्रद्धेने सांगतात. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत या खाणींचे उत्पन्न लाखांच्या घरात होते. त्यानंतर अर्धशतकाच्या अराजकात मजूर पांगले, व्यापाराचे मार्ग असुरक्षित झाले आणि १८१२-१३च्या भीषण दुष्काळाने उरलेल्या भट्ट्याही थंड केल्या. १८१८ साली मेवाडात आलेल्या कर्नल टॉडने आपल्या राजस्थानच्या इतिहासात जावरचा धातू कथील म्हणून नोंदवला. म्हणजे कोणता धातू निघत होता, याचीही ओळख एवढ्यातच धूसर झाली होती.

इंग्रजी राजवटीने आपले उद्योग बुडवले, हे शतशः सत्य आहे. वस्त्रोद्योगाची कहाणी त्याला साक्ष आहे. पण जावरची भट्टी इंग्रजांनी विझवली नाही. ती आपसातील यादवीने, दुष्काळाने आणि विद्या जतन करण्याची व्यवस्था नसल्याने विझली. ज्ञान काही कुटुंबांच्या हातांत होते. ती कुटुंबे पांगताच ते ज्ञान पांगले. ग्रंथ वेगळ्या हातांत, भट्टी वेगळ्या हातांत आणि दोहोंना जोडणारी पाठशाळा नाही, ही आपली मर्मस्थानी असलेली उणीव होती. ज्याने मूस घडवली त्या कुंभाराला आणि खाणीत उतरणाऱ्या मजुराला आपण विद्यावंतांच्या पंक्तीत कधी बसवले नाही. समाजाने ज्यांची प्रतिष्ठा राखली नाही, त्यांची विद्या समाजाकडे टिकली नाही. परकीय आक्रमणांची उजळणी करताना हे आत्मपरीक्षणही आपण टाळू नये.

पुन्हा पेटलेली खाण

विसाव्या शतकात, १९४०च्या दशकात जावरला पुन्हा खाणकाम सुरू झाले. ते चालवणारी खासगी कंपनी पुढे सरकारने ताब्यात घेतली आणि १९६६ साली हिंदुस्थान झिंक या सार्वजनिक उपक्रमाची स्थापना झाली. २००२ साली निर्गुंतवणुकीच्या धोरणात तिचे व्यवस्थापन खासगी हाती गेले. आज भारत जस्ताच्या प्रमुख उत्पादकांत गणला जातो आणि भीलवाडा जिल्ह्यातील रामपुरा-आगुचा ही जगातील मोठ्या जस्त-खाणींपैकी एक आहे. विशेष म्हणजे रामपुरा-आगुचा असो वा राजपुरा-दरीबा, या आधुनिक खाणींच्या परिसरात प्राचीन खाणकामाच्या खुणा आढळल्या. आधुनिक सर्वेक्षकांना वाट दाखवणारे तेच निनावी पूर्वज होते.

परंतु येथेच एक पेच उभा राहतो. ज्या डोंगरात वारसा आहे, त्याच डोंगरात खनिजही आहे. नवे बोगदे जुन्या दालनांच्या आसपास जातात. मुशींचे ढीग रस्त्याच्या भरावासाठी सोयीचे दिसतात. राष्ट्राला जस्त हवे, रोजगार हवा, हे कोण नाकारील? मात्र ज्या राष्ट्राला आपले पहिले भांडवल कुठून आले याची आठवण नाही, ते दुसऱ्यांच्या तंत्रज्ञानाचे ग्राहक म्हणूनच जगते.

अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञांच्या संस्थेने १९८८ साली जावरला आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान दिला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राजपुरा-दरीबा येथील गॉसन, म्हणजे धातुसाठ्याच्या माथ्यावर ऊन-पावसाने तयार झालेले लोहाचे तांबूस टोपण, राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले आहे. भूवारसा जपण्याच्या कायद्याचा मसुदा केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केला होता. हे सारे स्वागतार्ह आहे. तथापि मसुद्यांना कायद्याचे आणि कायद्यांना आचरणाचे रूप येते ते लोकमताच्या रेट्याने.

आपण काय करावे?

जावर दूर राजस्थानात आहे, आपण काय करणार, असे कुणी म्हणेल. करण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट, उदयपूरला सहलीला जाणारी हजारो मराठी कुटुंबे आहेत. तलाव, राजवाडा, हल्दीघाटी पाहून ती परततात. त्यांनी एक दिवस जावरसाठी ठेवावा, मुलांना टिडीच्या काठी उभे करून मुशींचे ढीग दाखवावेत आणि एकही मूस आठवण म्हणून उचलून आणू नये. पाहणारे डोळे वाढले की जपणारे हातही वाढतात.

दुसरी गोष्ट, शाळेतील विज्ञानाच्या तासाला जस्ताचे गुणधर्म शिकवताना जावरची भट्टी फळ्यावर काढून दाखवता येईल. जस्ताचा उत्कलनबिंदू कमी असण्याने उद्भवणारी अडचण आणि काडीने काढलेली वाट विद्यार्थ्याला एकदा समजली, तर ती तो जन्मभर विसरणार नाही. ‘आमच्याकडे सारे होते’ असे नुसते सांगून मुलात जिज्ञासा उत्पन्न होत नाही. ते कसे होते, हे सांगितल्याने होते.

तिसरी आणि सर्वांत निकडीची गोष्ट आपल्या दारातच आहे. पुण्याची तांबट आळी आहे. मराठवाड्याला लागून असलेल्या बीदरमध्ये जस्तप्रधान मिश्रधातूवर चांदीची जडावाची बिदरी कला आहे. जस्ताची आणि कारागिरीची ती परंपरा आजही जिवंत आहे. गावोगावी अजून ओतारी, लोहार, कुंभार आहेत, ज्यांच्या हातांत लिहिली न गेलेली विद्या आहे. त्यांची मुले आज कारखान्यांत, दुकानांत, शहरांत पांगत आहेत, आणि त्यांनी पांगू नये असे म्हणण्याचा आपल्याला अधिकारही नाही. परंतु ज्येष्ठ कारागिरांकडे बसून त्यांचे शब्द, मापे, मिश्रणे, चुका आणि क्लृप्त्या नोंदवून ठेवणे आपल्या हाती आहे. संस्कृत जाणणारा अभ्यासक, अभियांत्रिकीचा विद्यार्थी आणि कारागीर अशी तिघांची एक तुकडी प्रत्येक तालुक्यात उभी राहिली, तर शंभर वर्षे न घडलेला संवाद पाच वर्षांत घडेल. त्यासाठी शासकीय अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. एक वही, एक ध्वनिमुद्रक आणि कारागिराच्या ओट्यावर मांडी घालून बसण्याची नम्रता, एवढे भांडवल पुरेसे आहे.

जावरच्या मुशीतील ती काडी जळून गेली आणि तिने धातूला वाट करून दिली. ज्यांनी ती खोवली, त्यांची नावे इतिहासाने नोंदवली नाहीत. त्यांच्यासाठी आज जयघोष करणे सोपे आहे. त्यांच्या वारसदारांचे, मग ते ओतारी असोत वा कुंभार, नाव विचारून वहीत लिहिणे अधिक कठीण आणि अधिक आवश्यक आहे. आज सायंकाळी समई लावाल, तेव्हा ती कुणी ओतली याची चौकशी घरातील वडीलधाऱ्यांकडे करा. कामाचा आरंभ तेथूनच होईल.